वडिलांचा तंबोरा

आमची एक विद्यार्थिनी उन्हाळ्याच्या सुटीत बडोद्याहून पुण्यास गेली आणि राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचा अभ्यास करून आली. परवा पेढे घेऊन घरी आली. कशाचे म्हणून विचारले, तर म्हणाली, "मास्तर, मला वाद्य उचलायला शिकवलं!"

सहा वर्षे माझ्याकडे तंबोरा धरणाऱ्या मुलीने असे म्हणावे! हसलो, खरे सांगायचे तर थोडे लागलेही.

मग ती सांगत बसली. एक हात भोपळ्याखाली, दुसरा दांडीला. तारा सैल ठेवावयाच्या, म्हणजे तबलीवर ताण राहत नाही. भोपळ्याला कीड लागली का, ते पाहावयाचे. लांबी, लाकूड, तडे, जुनी दुरुस्ती, सारे वहीत उतरवावयाचे. दिनकररावांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवावयास आरंभ केला. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले. हे सांगताना तिचा आवाज खाली आला. "अशा घरात मला त्यांनी हात लावू दिला. हे उपकार कसे फेडू?"

उठताना तिची नजर भिंतीकडे गेली. तेथे दरबारी गवई असलेल्या माझ्या वडिलांचा तंबोरा टांगलेला. मी तो पॉलिशला देणार होतो.

"नका देऊ, मास्तर. जुनी दुरुस्ती पुसली जाईल. हा कुणी केला?"

मिरजेचा, एवढेच मला ठाऊक. तिने मापे घेतली, वहीत उतरवली, आणि कारागिराच्या नावाची ओळ रिकामी ठेवली. दिवाळीत मिरजेस जाऊन विचारणार आहे.