कुत्र्याची खोड की दुखणं? वेळीच ओळखा



भात पोटरीला आलं की मुरबाड-शहापूरकडे रात्री डुकरं शेतात उतरतात, तेव्हा राखणीला कुत्रा लागतोच. कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांच्या फ्लॅटमध्येही आता कुत्रा असतो. दोन्हीकडे प्रश्न एकच: "हा असं का करतो?" बहुतेक वेळा तो जातीचा स्वभाव असतो. कधी दुखणं असतं. आणि एक दुखणं घरच्यांच्या जिवावर बेतणारं असतं.

✅ *हे उपजत आहे, काळजी नको*

🔹 *बसण्याआधी गोल फिरणं:* रानात गवत दाबून, जागा बघून बसायची जुनी सवय.
🔹 *उकरणं, हाड पुरणं:* उरलेलं खाणं लपवायची सवय. उन्हाळ्यात थंड मातीसाठीही उकरतो. भाजीचा वाफा उकरत असेल तर मारू नका, सावलीत ओलसर मातीची जागा करून द्या.
🔹 *लघवीनंतर मागच्या पायांनी माती उडवणं:* पंजाच्या वासाने हद्दीची खूण ठेवतो.
🔹 *रात्री तोंड वर करून रडणं:* ती एकमेकांना हाक असते. "कुणीतरी जाणार" असं काही नसतं.
🔹 *गवत खाणं:* अधूनमधून चालतं. मात्र फवारणी केलेल्या बांधावर त्याला सोडू नका.

⚠️ *हे सारखं दिसलं तर लक्ष द्या*

🔸 *शेपटीमागे गरगर फिरणं, त्याच वाटेने येरझाऱ्या:* दिवसभर आखूड साखळीला बांधलेला किंवा फ्लॅटमध्ये एकटा कोंडलेला कुत्रा असं करतो. रोज दोन वेळा मोकळा फिरवा. तरी थांबला नाही तर डॉक्टरांना दाखवा.
🔸 *पंजे चाटत राहणं:* पावसाळ्यात चिखलाने बोटांमध्ये बुरशी होते, गोचीडही लपतात. शेतातून आल्यावर पाय धुवून कोरडे पुसा, बोटं उघडून बघा.
🔸 *बूड जमिनीवर घासणं:* गुदाजवळच्या ग्रंथी भरल्या असतील किंवा जंत असतील.
🔸 *कान झाडणं, डोकं तिरकं धरणं:* कानात गोचीड किंवा पू असू शकतो. तेल घालू नका, डॉक्टरांना दाखवा.

🛑 *हे दिसलं तर लांब राहा: रेबीज असू शकतो*

▪️ स्वभाव एकदम बदलला. प्रेमळ कुत्रा कोपऱ्यात लपतो किंवा विनाकारण चावतो
▪️ भुंकण्याचा आवाज बदलला
▪️ खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही
▪️ चाल अडखळते

❗ "घशात हाड अडकलंय" असं समजून तोंडात हात घालू नका. इथेच घात होतो.
❗ "पाणी पितोय, म्हणजे पिसाळलेला नाही" हा गैरसमज आहे. पिसाळलेला कुत्राही पाणी पिऊ शकतो.

*चावला, ओरखडलं किंवा जखमेला लाळ लागली तर:*
१) साबण आणि वाहत्या पाण्याने जखम १५ मिनिटं धुवा. चुना, तिखट, हळद लावू नका.
२) त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. ती तिथे मोफत मिळते. घरच्या पिल्लाने चावलं तरी जायचं.
३) पुढचे डोस सांगितलेल्या तारखांनाच घ्या, शेवटचा साधारण २८व्या दिवशी. भातकापणी आहे म्हणून एकही चुकवू नका.
४) गाय-बैलाला चावला तर हातमोजे घालून जखम धुवा आणि लगेच पशुवैद्यकांना कळवा.

लक्षणं सुरू झाली की रेबीजवर उपाय उरत नाही. लस वेळेत घेतली तर माणूस वाचतो.

💉 *कुत्र्याची लस:* पिल्लू ३ महिन्यांचं झाल्यावर पहिली, महिन्याभराने दुसरी, मग दरवर्षी एक.

आज एकच काम करा. आपल्या कुत्र्याला शेवटची लस कधी दिली ते आठवून बघा. आठवत नसेल तर याच आठवड्यात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा.

घरातल्या लहान मुलांना हा मेसेज वाचून दाखवा, गावच्या ग्रुपवरही पाठवा.

*– आपली शेतकरी उत्पादक कंपनी* 🌾