स्वमग्नतेच्या प्रमाणातील वाढ आणि लसीविषयीचा संशय

अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने देशातील निवडक विभागांत आठ वर्षांच्या मुलांची जी नियतकालिक गणना चालविली आहे, तिच्यानुसार इ. स. २००० मध्ये दर १५० मुलांमागे एक मूल स्वमग्न आढळले होते. २०१० मध्ये हे प्रमाण ६८ मुलांमागे एक, २०२० मध्ये ३६ मुलांमागे एक आणि २०२२ मध्ये ३१ मुलांमागे एक असे झाले. हे आकडे वाचणाऱ्या सामान्य मनुष्यास येथे एखाद्या साथीचे वर्णन चालले आहे असे वाटल्यास नवल नाही; आणि साथ म्हटली की तिच्या उगमाचा शोध ओघानेच येतो. गेली पंचवीसहून अधिक वर्षे या शोधात लोकांचे बोट वारंवार लहानपणीच्या लसीकडे वळत आले आहे. या वादात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. स्वमग्न मुलांची संख्या खरोखर वाढली आहे काय, हा पहिला. आणि वाढली असल्यास लस तिला कारण आहे काय, हा दुसरा. त्यांचा विचार पृथक्पणे केल्याखेरीज कोणत्याच निष्कर्षास स्थैर्य येणार नाही.

स्वमग्नता ही रक्ताच्या तपासणीने ठरणारी व्याधी नव्हे. मुलाचे बोलणे, इतरांशी असलेला त्याचा व्यवहार, एकाच कृतीची पुनरावृत्ती करण्याची प्रवृत्ती इत्यादी लक्षणे पाहून तज्ज्ञ निदान करतो. आणि कोणती लक्षणे किती असावीत याचे मानदंड वेळोवेळी बदलत आले आहेत. बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये या अवस्थेचे पहिले पद्धतशीर वर्णन केले, ते अवघ्या ११ मुलांवरून. व्हिक्टर लॉटर यांनी इंग्लंडच्या मिडलसेक्स परगण्यात केलेल्या आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर १०,००० मुलांमागे सुमारे साडेचार मुले आढळली. परंतु लॉटर यांनी जी मुले मोजली ती कॅनर यांच्या कडक व्याख्येत बसणारी होती. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने १९८० मध्ये या अवस्थेस स्वतंत्र स्थान दिले, १९८७ मध्ये तिच्या कसोट्या सैल केल्या, १९९४ मध्ये बुद्धी व भाषा शाबूत असलेल्या आस्पर्गर वर्गाची भर घातली आणि २०१३ मध्ये हे सर्व प्रकार एकाच व्यापक पटाखाली आणले. जाळ्याची वीण बदलल्यावर जाळ्यात येणाऱ्या मासळीवरून तळ्यातील मासळी वाढली असे म्हणता येत नाही, हे उघड आहे.

याखेरीज निदानाचे व्यावहारिक मूल्यही बदलले. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने विशेष शिक्षणास पात्र ठरणाऱ्या वर्गांत स्वमग्नतेचा समावेश झाला. ज्या नोंदीमुळे मुलास शिक्षक व साहाय्य मिळते ती नोंद पालक मागू लागतात आणि वैद्य ती देऊ लागतात. यात लबाडी पाहण्याचे कारण नाही. पूर्वी ‘मतिमंद’ एवढ्याच शिक्क्याखाली गेलेली कित्येक मुले या मार्गाने नव्या वर्गात आली.

डेन्मार्कचे उदाहरण या संदर्भात विशेष बोधप्रद आहे, कारण तेथे प्रत्येक नागरिकाची वैद्यकीय नोंद राष्ट्रीय दप्तरात असते. तेथे १९९४ मध्ये निदानाचे वर्गीकरण बदलले आणि १९९५ पासून बाह्यरुग्ण विभागांतील निदानेही दप्तरात येऊ लागली. १९८० ते १९९१ या काळात जन्मलेल्या मुलांचा अभ्यास करून २०१५ मध्ये संशोधकांनी असा हिशेब मांडला की, दिसणाऱ्या वाढीपैकी सुमारे ६० टक्के भाग केवळ या दोन बदलांनी स्पष्ट होतो. उरलेल्या भागाबाबत मात्र सावधपणे बोलले पाहिजे. पालकांचे वाढते वय, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचे वाढलेले जगणे यांसारख्या कारणांचा काही वाटा त्यात असू शकतो. तो किती, याविषयी मतैक्य नाही. ‘सर्व वाढ कागदावरचीच’ असे ठासून सांगणारेही पुराव्याच्या पुढे जातात.

भारतात तर वाढीची भाषाच अद्याप करता येत नाही. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची जी पाहणी पाच ठिकाणी झाली (उत्तर गोवा हे त्यांपैकी एक) आणि जिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यात हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आढळले. पण त्याशी तुलना करावी अशी जुनी गणनाच उपलब्ध नाही.

आता दुसरा प्रश्न. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील अँड्र्यू वेकफील्ड व त्यांचे सहकारी यांचा एक निबंध फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील संयुक्त लशीनंतर लक्षणे दिसू लागल्याचे १२ पैकी ८ मुलांच्या बाबतीत पालकांचे किंवा वैद्याचे म्हणणे होते, एवढाच त्यातील या विषयीचा आधार. संबंध सिद्ध झाला नसल्याचे निबंधातच म्हटले होते. तरी वार्ताहर-परिषदेत वेकफील्ड यांनी संयुक्त लस थांबवून सुट्या लशी द्याव्यात असे सुचविले आणि वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. पुढे वकिलांमार्फत मिळालेला व उघड न केलेला पैसा आणि मुलांच्या निवडीतील दोष बाहेर आले. २००४ मध्ये दहा सहलेखकांनी निबंधातील अन्वयार्थ मागे घेतला. २०१० मध्ये नियतकालिकाने संपूर्ण निबंध रद्द केला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटिश वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले.

तथापि, वेकफील्ड यांच्या वर्तनाने प्रश्नाचा निकाल लागत नाही. अप्रामाणिक मनुष्याचे विधानही खरे असू शकते. निकाल लागतो तो पुढील पाहण्यांनी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिश अभ्यासात ६,५७,४६१ मुलांचा मागोवा घेण्यात आला. त्यांतील ६,५१७ मुले स्वमग्न ठरली. लस घेतलेल्यांची जोखीम न घेतलेल्यांच्या ०.९३ पट भरली. जपानमध्ये ही संयुक्त लस १९९३ मध्ये निराळ्या कारणासाठी, म्हणजे तिच्यातील गालगुंडाच्या घटकामुळे मेंदूच्या आवरणास सूज येत असल्याने, बंद करण्यात आली. योकोहामा शहराच्या एका भागात त्यानंतर जन्मलेल्या एकाही मुलाने ती घेतली नव्हती. तेथेही स्वमग्नतेचे प्रमाण वाढतच गेले. पाऱ्याचे संयुग असलेल्या थायोमर्सल या परिरक्षकाची कथाही अशीच आहे. गोवराच्या संयुक्त लशीत ते कधीच नव्हते. इतर बाललशींतून अमेरिकेत ते २००१ पर्यंत जवळजवळ हद्दपार झाले, पण कॅलिफोर्नियातील नोंदी चढत्याच राहिल्या.

मग पालकांनी डोळ्यांनी पाहिले ते खोटे काय? तसे नव्हे. संयुक्त लशीची पहिली मात्रा साधारणतः पहिल्या वाढदिवसानंतर दिली जाते. आणि आलेले शब्द नाहीसे होणे, हाकेला ओ न देणे ही लक्षणेही दुसऱ्या वर्षातच आईबापांच्या ध्यानात येतात. समजा, एखाद्या प्रदेशात दरसाल एक लक्ष मुले जन्मतात, त्यांतील शेकडा एक स्वमग्न असतात आणि अशांपैकी चतुर्थांश मुलांचे बोलणे दुसऱ्या वर्षात मागे पडते. अशी २५० मुले बारा महिन्यांत सारखी वाटली, तर दर महिन्यास सुमारे वीस येतात. सर्वांस लस दिलेली असेल, तर लशीनंतरच्या पहिल्या महिन्यात वीस घरांना हा अनुभव निव्वळ योगायोगाने येणार. त्या वीस घरांना मात्र तो योगायोग वाटणे शक्य नाही. पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती तपासून १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, पुढे स्वमग्न ठरलेल्या बहुतेक मुलांचे वेगळेपण त्या दिवशीही ओळखता आले होते.

या श्रद्धेच्या चिवटपणाचे एक कारण वैद्यकाच्याच इतिहासात आहे, आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. विसाव्या शतकाच्या मध्यास कॅनर यांच्या काही विधानांवरून, आणि नंतर ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथावरून, आईच्या थंड वागणुकीने मूल स्वमग्न होते ही उपपत्ती प्रतिष्ठा पावली. तिला पुरावा नव्हता. पण ती तज्ज्ञांची होती. एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये तिचे खंडन केले. ज्या पालकवर्गाला तज्ज्ञांनी एक पिढीभर निराधार दोष दिला, त्याने पुढे ‘तज्ज्ञ सांगतात म्हणून’ लशीवर विश्वास ठेवावा, ही अपेक्षा भाबडी म्हटली पाहिजे. रिमलंड स्वतःही उत्तरायुष्यात लशीच्या संशयाकडे झुकले. लशीच्या उपपत्तीने आईला एका आरोपातून सोडविले खरे. परंतु मुलाला टोचून आणणारी तीच, हा नवा आरोपही तिच्याच माथी आला.

इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या मुलांतील संयुक्त लशीचे प्रमाण १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास सुमारे ९२ टक्के होते. ते २००३-०४ मध्ये ८० टक्क्यांपर्यंत उतरले. गोवराचा फैलाव रोखण्यास सुमारे ९५ टक्के मुले सुरक्षित असावी लागतात. २०१२-१३ मध्ये वेल्समधील स्वान्सी परिसरात जी साथ आली, तिच्यात प्रामुख्याने सापडली ती संशयाच्या वर्षांत लस चुकलेली, आता दहा ते अठरा वर्षांची झालेली मुले. अमेरिकेने २००० मध्ये गोवर हटल्याचे जाहीर केले होते. २०२५ मध्ये तेथे दोन हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि टेक्सासमध्ये लस न घेतलेली दोन मुले दगावली.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वर उल्लेखिलेल्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या जाहीर निवेदनात फेरफार करून, ‘लशीने स्वमग्नता होत नाही’ हे विधान पुराव्यावर आधारलेले नाही, कारण सर्व लशींबाबत तशी शक्यता निखालस नाकारली गेलेली नाही, अशा आशयाची भूमिका घेतली. या युक्तिवादाचे स्वरूप सांख्यिकीच्या विद्यार्थ्याने पारखून पाहावे. कोणतीही पाहणी शून्य सिद्ध करीत नाही; ती परिणामाला मर्यादा घालते. डॅनिश अभ्यासात जोखमीच्या गुणोत्तराचा ९५ टक्के विश्वासांतराल ०.८५ ते १.०२ असा आहे. म्हणजे लशीने जोखीम वाढत असल्यास ती फार तर शेकडा दोनने, एवढेच त्या आकड्यांशी सुसंगत आहे. आणि १५० मुलांमागे एक हे प्रमाण ३१ मुलांमागे एक होणे ही जवळजवळ पाचपट वाढ आहे.