एका सुरात, एका पावलात

बदलापूरहून सुटणारी सकाळची लोकल इथेच भरते, म्हणून भजनी मंडळाला एकत्र बसता येतं. मुंबई अडुसष्ट किलोमीटर दूर. बुवा सूर लावतो, झांज धरली जाते, पखवाज नसला तर डब्याचा पत्रा बोलतो आणि बाकीचे 'कोरस' देतात. हा शब्द मूळचा ग्रीक, नाचत गाणाऱ्या समूहाचा. तो इंग्रजीमार्गे आला आणि कोकणी भजनात असा मुरला, की बुवा-पखवाज-झांज-कोरस ही आता एका दमात म्हणायची नावं झाली आहेत. शाहिरीत हेच काम झीलकरी करतात.

सगळ्यांनी मिळून एक गोष्ट करणं, यासाठी इंग्रजीत शब्द पुष्कळ, पण प्रत्येकाची 'मिळून'ची कल्पना वेगळी. 'युनिसन' म्हणजे एक ध्वनी. अंबरनाथला महाशिवरात्रीच्या रांगेतून 'हर हर महादेव' उठतं तेव्हा पोरांचा आवाज वरच्या सप्तकात असतो, म्हाताऱ्यांचा खर्जात, तरी सूर एकच. १०६० सालच्या त्या शिलाहारकालीन देवळापुढे हा शब्द मला जसा कळला, तसा कोशात कळला नव्हता.

'इन कॉन्सर्ट'मध्ये मात्र सूर एक नसतो, ठरवून केलेला मेळ असतो. २७ जुलै २०१९ ला पहाटे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. आत हजाराहून अधिक माणसं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी, नौदल, लष्कर, हवाई दल आणि आसपासचे गावकरी असे सगळे धावले. प्रत्येकाचं काम निराळं होतं; दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. मराठीत याला मी 'हातात हात' म्हणणार नाही, 'हाताला हात लावणं' म्हणेन.

उल्हासनगरात लोक आजही पत्ता 'कॅम्प नंबर चार' असा सांगतात. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहिले. १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. 'इन स्टेप' हा शब्द अशा छावण्यांतलाच, आपल्या कदमतालाचा भाऊ. 'लॉकस्टेप' मात्र त्याहून कडक. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी तुरुंगांत पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून कैद्यांना तसं चालवत. तिथे पाय जुळतात, पण ते कैद्याच्या मर्जीने नव्हे.

'टँडम'ची गोष्ट मला फार आवडते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'अखेरीस'. इंग्रजीत 'अखेरीस' आणि 'लांबीला' यांसाठी एकच शब्दप्रयोग चालतो, म्हणून अठराव्या शतकात कोणा विद्वानाने एकामागे एक घोडे जुंपलेल्या गाडीला हे नाव दिलं. आपल्या बैलजोडीचं जू शेजारी-शेजारी असतं. टँडममध्ये पुढच्याची पाठच दिसते.

आणि 'कॉन्स्पायर'? मुळात एकत्र श्वास घेणं, अर्थ मात्र कट करणं. आपल्या 'संगनमता'चीही तीच गत. मतं जुळली, इतकंच त्यात आहे, पण बातमीत 'संगनमताने' म्हटलं की पुढे फसवणूक येणारच. दुसऱ्याची 'री ओढणं'ही आपण कमीपणाचं ठरवलं. मला हे मनापासून खटकतं, कारण री ओढणाऱ्यांवाचून बुवाला दम घ्यायला जागाच उरत नाही.

ठाणं गेलं की गजर चढतो. दादरचे लोक झांजा पिशवीत घालून दाराकडे सरकतात आणि उरलेला कोरस भायखळ्यापर्यंत पुरतो.