शेजारच्या बीममध्ये किती झिरपतं?

बीडमधल्या एखाद्या गच्चीवरून दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे सरकून, क्षितिजापासून सुमारे 68 अंश वर पाहिलं तर त्या रेषेत जीसॅट-11 असतो. दिसत अर्थातच नाही. तो 36 हजार किलोमीटरवर आहे. डिसेंबर 2018मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून गेलेला हा 5,854 किलोंचा उपग्रह देशभर एकच झोत टाकत नाही. ग्राहकांसाठी त्याचे 32 वेगवेगळे बीम आहेत.

बीम अरुंद म्हणजे ताकद एकवटलेली, त्यामुळे जमिनीवर लहान डिश पुरते. याउलट 1971मध्ये उपग्रहाशी संपर्क साधायला जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला सुमारे 30 मीटर व्यासाची अवाढव्य डिश उभारावी लागली होती. शिवाय तीच फ्रिक्वेन्सी थोडं अंतर सोडून पुन्हा वापरता येते. उपग्रहाच्या अँटेनाच्या चाचणीतली खरी डोकेदुखी इथेच सुरू होते. आपला झोत किती जोरात पडतो हे कळणं सोपं. तो दुसऱ्याच्या हद्दीत किती झिरपतो, ते मोजणं कठीण. बांधावरून चाललेली भांडणं पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

उपग्रहावरच्या अँटेनाची दोन मीटरची तबकडी 14 गीगाहर्ट्झला नीट मोजायची तर समोरचा स्रोत निदान पावणेचारशे मीटर लांब हवा. तेवढ्या माळावर उपग्रह मांडणार कसा? धूळ, पाऊस, जमिनीवरून उसळणाऱ्या लहरी! म्हणून बंगळुरूत इस्रोने बंद दालनातली चाचणी-व्यवस्था उभारली आहे. भिंतींवरचे फोमचे सुळके लहरी शोषून घेतात, आणि मोठे वक्र परावर्तक पसरत जाणारी लहर सपाट करतात. अँटेनाला ती दुरून आल्यासारखीच वाटते. मग अँटेना अंशाच्या अपूर्णांकांनी फिरवत बीमनिहाय आलेख काढायचे. बाजूचे झोत मुख्य झोताच्या हजाराव्या हिश्शाइतके क्षीणही असू शकतात, म्हणून दालन त्याहून शांत लागतं.

रोख अंशाच्या दहाव्या भागाने चुकला, तर बीडवर असलेली बीमची कड साठ-पासष्ट किलोमीटर सरकते. पूर्वेकडे सरकली तर माजलगावच्याही पलीकडे.

म्हणून उड्डाणाआधी शंका उरू द्यायची नसते. जीसॅट-11ला तर कुरूला पोहोचल्यावर, एप्रिल 2018मध्ये, आणखी तपासण्यांसाठी परत आणलं होतं. कारण अँटेनाचं नव्हतं. जीसॅट-6ए या दुसऱ्या उपग्रहाशी नुकताच संपर्क तुटला होता. खर्चिक, पण माझ्या मते शहाणपणाचा निर्णय.

कक्षेत गेल्यावर मोजणी पुन्हा होते. उपग्रहच किंचित कलवतात, बीम जमिनीवरच्या केंद्रावरून सरकत जातो आणि तिथले आकडे दालनातल्या आलेखाशी ताडून बघतात. रोख चुकला असेल तर कल बदलून सावरता येतो. वाकलेली तबकडी सरळ करायला मात्र तिथे कोणी जाऊ शकत नाही.