काडीकिड्यांचे संगोपन – लेखांक चौथा : उन्हाळ्याचा बंदोबस्त

पिंजऱ्याची उंची किड्याच्या लांबीच्या तिपटीहून कमी असू नये, हा दंडक गेल्या आठवड्यात सांगितला. परंतु बिदर-कलबुर्गीकडील हौशी माणसाची खरी परीक्षा मापात नसून हवेत आहे. प्रयोगशाळांच्या द्वारे जगभर गेलेली काडीकिड्याची जात मूळची तमिळ मुलुखातील पळनी डोंगराची, कोडैकानलजवळच्या शेंबगनूरची. जेझुइट पंथाचे सिनेती यांनी 1901 साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. धुक्याच्या त्या ओलसर प्रदेशात वाढलेला, विशी-पंचविशीच्या उष्णमानात रमणारा हा जीव, वैशाखात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या कलबुर्गीत आणून ठेवणे म्हणजे त्याच्यावर सक्तीची बदली लादणेच होय. बिदर उंचावर असल्यामुळे किंचित सुसह्य, इतकेच.

कोरडेपणाचा घाला पडतो तो कात टाकण्याच्या घटकेस. किडा फांदीला उलटा लोंबकळतो, पाठीवरचे जुने कवच उकलते, आणि त्यातून आपले लांब, बारीक पाय एकेक करून सोडवीत तो हळूहळू खाली सरकतो. हवेत ओल नसली की ते कवच पायाला धरून राहते, आणि मग ओढाताणीत पाय वाकडा तरी होतो, नाहीतर किडा तो मुळापाशी सोडूनच देतो. पिल्लाला पुढच्या कातीबरोबर नवा, आखूड पाय फुटतो. वाढ पुरी झालेल्यास कात नाही, म्हणून पायही नाही.

तजवीज सोपी आहे. भालकी-आळंदकडील जुन्या दगडी घरांतले माजघर या कामी उत्तम. तेथे पिंजऱ्याच्या दोन बाजूंस ओले गोणपाट वा वाळ्याचा तट्ट्या लावावा, उरलेल्या दोन मोकळ्या ठेवाव्यात, कारण कोंडलेल्या ओलीत बुरशी माजते आणि ती उन्हाइतकीच घातक असते. किडा रात्री चरतो व पानांवरचे थेंब पितो, म्हणून पाणी दिवेलागणीस शिंपडावे. (बहामनी अमदानीत जमिनीखालून सुरंगबावीने पाणी खेळविणाऱ्या बिदरास पाण्याचे मोल नव्याने सांगावयास नको!) गुलाबाची पाने या जातीस मानवतात, उष्ण प्रदेशातील इतर कित्येक जाती परसातल्या पेरूवरही पोसतात. मात्र औषध फवारलेली डहाळी कधीही घेऊ नये, आणि ज्या बाटलीत ती उभी करावयाची तिचे तोंड कापसाने बंद करावे. एरवी पिल्ले आत बुडून मरतात. नवशिक्याने हा उद्योग आषाढात आरंभावा, चैत्रात नव्हे.

या जातीत नर क्वचितच आढळतो. मादी एकटीच शेकडो अंडी घालते आणि ती फुटतातही. कॅलिफोर्नियात व दक्षिण आफ्रिकेत ही जात अशीच बंदिवासातून निसटून बागांमध्ये कायमची वसली आहे. म्हणून वाचकांस आग्रहाची विनंती, की पिंजऱ्याच्या तळाचा केर जसाच्या तसा उकिरड्यावर वा परसात टाकू नये. त्यातील तपकिरी, पिवळसर टोपीची अंडी उकळत्या पाण्यात घालावी आणि मगच फेकावी.