एका गुच्छाच्या अनेक रेघा

एप्रिल-मेच्या रात्री महाराष्ट्रातून दक्षिण क्षितिजाच्या थोडे वर, नरतुरंग तारकासमूहात, एक धूसर ठिपका दिसतो. टॉलेमीने त्याची नोंद तारा म्हणून केली होती. प्रत्यक्षात तो सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचा गोलाकार तारकागुच्छ आहे: ओमेगा सेंटॉरी. त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत.

असे गुच्छ एकाच वायुमेघातून, एकाच वेळी जन्मले, असे पाठ्यपुस्तके सांगत आली. तसे असेल तर ताऱ्यांचे रंग आणि तेज आलेखावर मांडल्यावर मुख्य क्रमाची, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांची, एकच बारीक रेघ उमटायला हवी. २००४ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांत ओमेगा सेंटॉरीची रेघ स्पष्ट दुभंगलेली दिसली. सहसा जड मूलद्रव्ये कमी असलेला तारा अधिक निळा असतो. पण पुढच्याच वर्षी वर्णपट तपासले, तेव्हा निळ्या रेघेतल्या ताऱ्यांतच ती जास्त निघाली! या कोड्याला एकच उत्तर पटण्याजोगे होते: या ताऱ्यांत हेलियम खूप जास्त असावा. हेलियम वाढला की तारा अधिक तापतो, निळा दिसतो.

ओमेगा सेंटॉरीतल्या ताऱ्यांत लोहाचे प्रमाणही सारखे नाही, म्हणून त्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवता आले असते. मात्र २००७ मध्ये इटलीच्या जॅम्पावलो पिओत्तो यांच्या गटाला एनजीसी २८०८ या गुच्छात तीन रेघा सापडल्या. तिथे लोहाचे प्रमाण जवळपास एकसारखे आहे. हेलियम मात्र २५ टक्क्यांपासून ३७ टक्क्यांच्या आसपास जातो.

एकाच गुच्छात ताऱ्यांच्या एकाहून अधिक पिढ्या असाव्यात, याचा दुसरा पुरावा रासायनिक. बहुतेक जुन्या गुच्छांत काही ताऱ्यांत सोडियम जास्त तर ऑक्सिजन कमी आढळतो. हा फेरफार घडवायला काही कोटी अंशांचे तापमान लागते. छोट्या ताऱ्यांच्या गाभ्यात एवढी उष्णता नसते, तरीही २००१ मध्ये एनजीसी ६७५२ मधल्या अशा ताऱ्यांत हीच खूण मिळाली. म्हणजे हा माल त्यांनी स्वतः बनवलेला नाही. तो वडिलोपार्जित आहे.

हे पूर्वज कोण? म्हातारे फुगलेले तारे, वेगाने फिरणारे जडजंबाल तारे, की सूर्याच्या हजारो पट वस्तुमानाचे महातारे? अनेक गुच्छांत 'नंतरचे' तारेच बहुसंख्य आहेत. एवढ्यांना पुरेल इतका वायू पहिल्या पिढीने कुठून दिला, या हिशेबाचे निर्विवाद उत्तर अजून मिळालेले नाही.