‘घर विकणे आहे’: पाटी जुनी होते तेव्हा

नांदेडला तरोड्यात माझ्या मावशीच्या घराच्या फाटकावर पत्र्याची एक पाटी होती. पांढऱ्यावर लाल अक्षरे, ‘घर विकणे आहे’, आणि खाली मोबाइल नंबर. पहिल्या दिवाळीला अक्षरे ठसठशीत होती. दुसऱ्या दिवाळीपर्यंत लालाचा गुलाबी झाला. तिसरीला नंबरातले शेवटचे दोन आकडे वाचता येईनात. तोवर गल्लीने घराला नावच देऊन टाकले होते: ‘ते विकायचं घर’. नवे गिऱ्हाईक फाटकाशी थांबले की शेजारचे काका आपणहून सांगत, “तीन वर्षं झाली, कुणी घेईना.” घरात खोट नव्हती. पण खोट असल्याशिवाय घर इतके दिवस पडून कसे राहील, ही शंका येणाऱ्याच्या मनात आधीच बसलेली असे.

या शंकेचा अर्थशास्त्रात अभ्यास झालेला आहे. कर्टिस टेलर या अमेरिकी अभ्यासकाने १९९९ मध्ये मांडले की, घर किती दिवस बाजारात आहे यालाच गिऱ्हाईक गुणवत्तेची खूण समजते. आपल्या आधी दहा जण पाहून गेले आणि त्यांनी सोडले, म्हणजे त्यांना काहीतरी दिसले असणार, असा हा हिशेब. आपल्याकडे मोठ्या शहरांत न विकलेल्या घरांची संख्या आणि दरमहा होणारी विक्री यांचा भागाकार करून ‘इतक्या महिन्यांचा साठा’ असे आकडे छापून येतात. ते मुख्यतः बिल्डरांच्या नव्या फ्लॅटचे असतात. नांदेड-लातूरला रखडते ते बहुधा वेगळेच घर: आईवडिलांनी नोकरीच्या उमेदीत प्लॉट घेऊन बांधलेले, आता कुलूप लागलेले, आणि ज्याचे वारस पुणे, हैदराबाद किंवा त्याहून लांब राहतात असे.

घेणारा कोण असतो, ते आधी पाहू. लातूरला अकरावी-बारावीसाठी मुले आणण्याची रीत ‘लातूर पॅटर्न’ने रुजवली. आता नांदेडच्या क्लासेसच्या गल्ल्याही तशाच भरलेल्या असतात. तालुक्याच्या गावातला शेतकरी दोन वर्षे भाडे भरतो आणि मग ‘धाकटीचंही शिक्षण आहेच’ म्हणून घर पाहू लागतो. दुसरे गिऱ्हाईक पगारदार: शिक्षक, महावितरणचा कर्मचारी, बँकेतला कारकून. पहिल्याच्या हातात पैसा येतो सोयाबीन, तूर आणि उसाच्या बिलावर. दुसऱ्याचा पैसा बँकेच्या कर्जात. म्हणून दसऱ्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत बैठका रंगतात आणि पितृपक्षात, अधिक महिन्यात सगळे थंड पडते. भाद्रपदात फोन येत नाही म्हणून भाव पाडायचा नसतो, आणि फाल्गुनातही फोन आला नाही तर दोष पंचांगावर ढकलायचा नसतो.

मावशीच्या घरासाठी पहिल्या वर्षी दोन गिऱ्हाइके इसार द्यायला तयार होती. दोन्ही वेळा घोडे अडले कागदावर.

मराठवाड्यातल्या घराची फाईल म्हणजे या प्रदेशाचा छोटा इतिहासच असतो. जमीन मूळ कुणाची होती? निजामाच्या काळातले इनाम असेल, मदतमाश किंवा खिदमतमाश, तर १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यापासूनचे धागे तपासावे लागतात. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ (म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसले की बँकेचा वकील पेन खाली ठेवतो. नांदेडच्या सिडको वसाहतीत घर भाडेपट्ट्याने दिलेले. त्याच्या हस्तांतराला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागते. पण कित्येकांनी वर्षानुवर्षे ती घरे मुखत्यारपत्रावर आणि साध्या बाँडवर एकमेकांना ‘विकली’. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले की, अशा मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. घर राहायला पक्के असते, विकताना मात्र कच्चे निघते.

आणि गुंठेवारी. शहर वाढले तसे दोन्ही शहरांच्या कडेने शेतकऱ्याने शेताचे तुकडे पाडले, एन.ए. (बिगरशेती) न करता विकले, लोकांनी घरे बांधली. २००१ चा गुंठेवारी कायदा, नंतर २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना दिलेली मुदतवाढ, त्याच वर्षी जुलैमध्ये तुकड्यांच्या नोंदणीवर बंधन घालणारे परिपत्रक, मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द करणे: या चढउतारांत हजारो माणसे ‘रजिस्ट्री होते की नाही’ एवढ्याच प्रश्नावर अडकून पडली. ज्याने नियमित करून घेतले त्याला कर्जवाले गिऱ्हाईक मिळते. ज्याने घेतले नाही त्याला फक्त रोखवाला, आणि रोखवाला भाव पाडूनच मागतो.

आमच्याकडे यातले काही नव्हते. ले-आउट एन.ए. होता, बांधकाम परवाना होता. अडले ते वारस नोंदीवर. मावशीनंतर मालमत्ता पत्रकावर दोन्ही मावसभावांची नावे लागली, परभणीला दिलेल्या ताईचे राहिले. मुद्दाम कुणी केले नव्हते. ‘ती कुठे जाते, सही करेलच’ असे सगळ्यांनी धरले होते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालाने उरलासुरला वाद मिटवला. आईच्या नावावरच्या घरात तर तिचा वाटा त्याआधीपासूनच होता. गिऱ्हाइकाच्या वकिलाने सर्च रिपोर्ट काढताना पहिलाच प्रश्न विचारला, “बहीण आहे का?” ताई दुखावली होती. पैशासाठी नव्हे. घर विकायला काढल्याचे तिला त्या पाटीच्या व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोतून कळले होते. तिची समजूत काढण्यात जे आठ महिने गेले, ते कुठल्याही बाजाराच्या आकड्यात दिसत नाहीत. माझ्या मते या दोन शहरांत घर रखडण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे कारण हेच आहे.

आता भावाकडे येऊ. थोरल्या मावसभावाच्या डोक्यात साठ लाख होते. ते कुठून आले? पुण्यात त्याच्या सोसायटीत चालणारे दर, गल्लीच्या टोकाला कुणीतरी ‘मागितलेला’ भाव, आणि जालना-नांदेड द्रुतगती महामार्गाच्या बातम्या. यात प्रत्यक्ष झालेला व्यवहार एकही नव्हता. खरे तर तो पाहणे आता अवघड राहिलेले नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून नोंदलेल्या दस्ताची सूची क्रमांक २ पाहता येते. आपल्याच गल्लीतली शेवटची तीन-चार खरेदीखते काढली की बाजाराचे बोलणे आणि बाजाराचे करणे यांतले अंतर दिसते. दस्तात कधी रक्कम कमी दाखवलेली असते हे खरे, पण रेडीरेकनरच्या सरकारी दराखाली मुद्रांक बसत नाही, म्हणून तळ तरी कळतो.

बोस्टन शहरातल्या फ्लॅटांच्या विक्रीचा डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजार पडलेला असताना ज्यांना खरेदीपेक्षा कमी किमतीत विकावे लागणार होते, त्यांनी भाव चढा लावला आणि त्यांची घरे जास्त दिवस पडून राहिली. मनातला जुना आकडा सोडवत नाही, हा माणसाचा स्वभाव गोदाकाठीही तोच आहे. फक्त आपल्याकडे तो आकडा आपण मोजलेल्या किमतीचा नसतो, आईने पै पै जोडून बांधलेल्या घराच्या मोलाचा असतो. तो कमी करणे म्हणजे आईला कमी लेखणे, असे वाटते. हे मी घरात पाहिले आहे, म्हणून त्याला हट्ट म्हणवत नाही.

पण हिशेब करायलाच हवा. पहिल्या वर्षी आलेली ५२ लाखांची मागणी आम्ही परत पाठवली. ते पैसे सात टक्क्यांनी दोन वर्षे बँकेत ठेवले असते तर, व्याजावरचा कर सोडून, साडेएकोणसाठ लाख झाले असते. म्हणजे दोन वर्षांनी साठ मिळाले तरी हाती काही उरत नव्हते. वर घरपट्टी, गच्चीची गळती आणि सांभाळायला ठेवलेल्या माणसाचा पगार.

दुसरी अडचण भावाच्या आकड्यापेक्षा तो कसा मागितला यात होती. पहिल्या मध्यस्थाने रकमेचा मोठा भाग रोखीत सांगितला. पगारदार गिऱ्हाईक तिथेच उठले. बँक कर्ज देते ते कागदावरच्या किमतीवर आणि तिच्या मूल्यांकनावर: तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, त्यापुढे पंच्याहत्तर लाखांपर्यंत ऐंशी. उरलेली रक्कम, महापालिका हद्दीतले सहा टक्के मुद्रांक शुल्क (खरेदी बाईच्या नावावर असेल तर पाच) आणि तीस हजारांपर्यंतची नोंदणी फी त्याला खिशातूनच घालायची असते. त्याला आणखी रोख मागणे म्हणजे दार लावून घेणे. शिवाय स्थावर व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याला मंजूर नाही, ते वेगळेच.

मध्यस्थांवर सगळा राग काढू नये, पण त्यांचे गणित समजून घ्यावे. शिकागो परिसरातल्या घरविक्रीच्या अभ्यासात लेव्हिट आणि सिव्हरसन यांना २००८ मध्ये आढळले की, एजंट स्वतःचे घर विकताना सरासरी साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि ३.७ टक्के जास्त मिळवतात. थांबल्याने फायदा होतो, पण साडेनऊ दिवस थांबल्याने. तीन वर्षांचा यात हिशेब नाही. आमचे घर सात मध्यस्थांकडे सात भावांनी फिरत होते. त्यातून गिऱ्हाइकाला एकच निरोप जात होता: विकणारा घायकुतीला आलाय.

शेवटी आम्ही पाटी काढली. चार महिने घर बाजारातून पूर्ण बाहेर ठेवले. ताईचे नाव पत्रकावर चढवले. सूची क्रमांक २ च्या नकला, घरपट्टीची पावती, परवाना, नकाशा, वकिलाचा सर्च रिपोर्ट अशी एकच फाईल केली. मग घर उघडले. बंद घराला एक वास असतो, ओल आणि जुन्या गाद्यांचा. तो गिऱ्हाइकाला उंबऱ्यावरच परत फिरवतो. मावशीच्या पत्र्याच्या पेट्या, तिच्या यजमानांची पाठ फुटलेली आरामखुर्ची, तीन देव्हारे हलवले. गच्चीची गळती काढली, आतून चुना दिला, पारिजातकाखालचा कचरा उपसला.

आणि बोअर तपासून घेतला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हापासून इथला घेणारा स्वयंपाकघराआधी पाणी विचारतो. भर मे महिन्यात मोटर चालू करून दाखवणे हा रंगापेक्षा मोठा पुरावा आहे. तसेच खांबांचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला तो पाहिलेली पिढी भिंतीवर थाप मारून विचारते, “कॉलम आहेत ना?” नांदेडकरांनीही २००६ नंतर काही वर्षे जमिनीखालचे आवाज ऐकले आहेत. बांधकामाचे जुने नकाशे सापडले तर ते फाईलीत वरच ठेवावेत. घर गोदावरीच्या पूररेषेपासून किती लांब, हेही विचारायच्या आधी सांगून टाकावे. महारेराचे नियमन नव्या प्रकल्पाला आहे, जुन्या घराच्या फेरविक्रीला नाही. इथे गिऱ्हाइकाचा भरवसा विकणाऱ्याच्या तोंडावर आणि फाईलीवरच.

दसऱ्यानंतर एकाच मध्यस्थाला, एकाच भावाने, ५५ लाखांना, सगळे कागदावर, असे सांगून घर पुन्हा दाखवले. मुखेड तालुक्यातले एक शिक्षक जोडपे आले. बाई थेट मागच्या अंगणात गेल्या, पाण्याची धार पाहिली, मग पारिजातकाखाली थोडा वेळ थांबल्या. “झाड ठेवणार ना?” मी विचारले. “झाडासाठीच परत आले,” त्या म्हणाल्या. त्या आधी एकदा बाहेरूनच पाहून गेल्या होत्या. सौदा ५४ वर बसला. खरेदीखतावर तिघा भावंडांनी सह्या केल्या, पहिली ताईची.

असे कुलूपबंद घर तुमचे असेल आणि यंदाच्या दिवाळीला सगळी भावंडे गावी जमणार असतील, तर एक करा. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर फाईल बाहेर काढा. बहिणीला तिचा हिस्सा आधी सांगा, सही मग मागा. आणि पाटी जुनी झाली असेल तर ती त्याच दिवशी उतरवा.